मोठ्या माणसांच्या शिकण्यावर रिसर्च करताय? या चुका टाळा

एमएड-पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये हल्ली 'ट्रान्स्फॉर्मेटिव्ह लर्निंग', म्हणजे माणसाची विचार करायची चौकटच बदलणारं शिकणं, फार दिसतं, आणि बरेचदा नुसतं 'शिकले' म्हणायच्या जागी तो शब्द चिकटवलेला असतो. पहिली चूक हीच. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात 2016 च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथली एखादी आजी अंगठ्याऐवजी सही करायला लागली तर ते झालं कौशल्य. पण 'शिक्षण आपल्यासाठी नाहीच' हे जन्मभर धरलेलं तिचं तिनंच तपासून सोडलं आणि मग घरात, गावात वागणं बदललं, तर ते ट्रान्स्फॉर्मेशन. दोन्ही एकाच टेबलात कोंबू नका.

जॅक मेझिरो या अमेरिकन प्रौढशिक्षण अभ्यासकानं ट्रान्स्फॉर्मेटिव्ह लर्निंगची ही मांडणी 1978 मध्ये केली, अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात परत शिकायला आलेल्या बायकांच्या अभ्यासावरून. त्यात दहा टप्पे, सुरुवात गोंधळात टाकणाऱ्या पेचापासून. आपण काय करतो तर त्या टप्प्यांचीच प्रश्नावली बनवतो, 'तुमचे विचार बदलले का?', आणि समोरची बाई मॅडमना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणते. मीही केलंय हे! दहाच्या दहा खाने भरले म्हणून खूश होते, गाईड म्हणाले, एकही टप्पा गळला नाही हे खटकलं नाही का तुला? तेव्हा आधी माणसाला त्याच्या भाषेत सांगू द्या, टप्पे नंतर कोडिंग करताना, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना विषयवार लेबलं लावताना बघा, उलटसुलट आले तर तसेच लिहा.

दुसरं म्हणजे सगळं संपल्यावर एकच इंटरव्ह्यू. आठवणीतली गोष्ट माणूस नीट रचून सांगतो. कोर्सआधी भेटा, मध्ये भेटा, सहा महिन्यांनी परत जा, लिहिता येत नसेल तर व्हॉइस नोट घ्या. मायकेल न्यूमन या अभ्यासकानं तर 2012 मध्ये थेट विचारलं की ट्रान्स्फॉर्मेटिव्ह लर्निंग हे वेगळं काही आहे का नुसतं चांगलं शिकणं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न येतोच, उत्तर तयार ठेवा.

बचत गटावर काम असेल तर एकट्या बाईचंच 'आत्मचिंतन' शोधत बसू नका. मेरियम आणि एन्त्सीआने या संशोधकांना आफ्रिकेतल्या बोत्सवानात दिसलं की तिथल्या लोकांचा बदल श्रद्धा, समाजाची जबाबदारी आणि बाई-पुरुषाच्या भूमिका यांतून घडतो, आपल्याकडेही सासू, नवरा, गट सगळे त्यात असतात.

आणि हो, सॅम्पलमध्ये फक्त यशस्वी चेहरे नकोत, वर्ग अर्ध्यात सोडून गेलेलीलाही फोन लावा.