कवच कालचं, बलक गेल्या आठवड्याचा: अंड्याच्या बदकांना काय, कधी आणि किती घालावं

अंडी कमी झाली की आपण आज टाकलेल्या खाद्याकडे बघतो आणि दुसऱ्याच दिवशी गोणी बदलतो. बहुतेक वेळा तिथंच चुकतं. बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक अंडाशयात आठवडा-दहा दिवस भरत असतो. पांढरा भाग, पडदे आणि कवच मात्र शेवटच्या चोवीस-पंचवीस तासांत चढतं, आणि कवचाचं बहुतेक काम रात्री चालतं. म्हणून कवच पातळ लागलं तर गेल्या दोन-तीन दिवसांत काय घडलं ते आठवा. संख्या किंवा वजन हळूहळू घसरत असेल तर मागचे दहा-पंधरा दिवस तपासा. उबवणीला ठेवलेली अंडी फुटत नसतील तर दोष महिन्याभरापूर्वीचाही असू शकतो. याला अपवाद फक्त पाण्याचा. पाणी तुटलं की फटका एक-दोन दिवसांत दिसतो.

पुढचे आकडे खाकी कॅम्पबेल किंवा तिच्यासारख्या, दोन किलोच्या आसपास वजनाच्या मादीसाठी आहेत. नीट सांभाळली तर ही जात वर्षाला २८० ते ३०० अंडी देते. व्हाइट पेकिन मुळात मांसाची जात. ती खाते जास्त, देते बरीच कमी. तिच्याकडून अंड्यांचा धंदा करू नये.

रोजचं माप

अंडी देणाऱ्या मादीला दिवसाला १३० ते १५० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. १४० ग्रॅम धरले तर ५० बदकांना रोज ७ किलो, म्हणजे ५० किलोची गोणी बरोबर आठवडाभर. गोणी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावरच लिहून टाका. पाच दिवसांत संपली तर उंदीर, चिमण्या किंवा सांडलवंड. नऊ दिवस पुरली तर आनंद मानू नका. बदकं खात नाहीत, आणि त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात अंड्यांच्या ट्रेमध्ये मिळेल.

इंदूरला एक सोय अशी की बदकाच्या खाद्यातलं महत्त्वाचं प्रथिन इथं दारातच मिळतं. माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख, त्यामुळे तेल काढलेली सोयापेंड, बाजारात जिला डीओसी म्हणतात, ती छावणीच्या मंडीच्या आसपासच्या खाद्यविक्रेत्यांकडे सहज मिळते. मका शेजारच्या निमाड भागातून येतो. १०० किलोचं मिश्रण असं:

मक्याचा भरडा ५७ किलो
सोयापेंड (४५ टक्के प्रथिनांची) २५ किलो
गव्हाचा चोकर, इथल्या भाषेत चापड, ७ किलो
सोयाबीन तेल १ किलो
चुनखडीची भुकटी ४ किलो
शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी साडेतीन किलो
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम आणि फॉस्फरस देणारी भुकटी) दीड किलो
मीठ ३०० ग्रॅम
उरलेल्या ७०० ग्रॅममध्ये लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण (पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे), मिथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) १०० ग्रॅम, कोलीन क्लोराइड (जीवनसत्त्वासारखा एक घटक) १०० ग्रॅम, नायसिन (ब३ जीवनसत्त्व) ५ ग्रॅम. कमी पडेल तेवढा मक्याचा भरडा.

यात प्रथिनं १७ टक्क्यांच्या थोडी वर, ऊर्जा किलोला सुमारे २६०० किलोकॅलरी आणि कॅल्शियम सव्वातीन टक्के बसतं.

पाच ग्रॅम नायसिन १०० किलोत फावड्यानं मिसळणार नाही. आधी ते किलोभर भरड्यात, तो किलो पाच किलोत आणि ते पाच किलो सगळ्या ढिगात, अशा पायऱ्या करा. हे नायसिन वगळू नका. कोंबडीपेक्षा बदकाची गरज दुपटीहून जास्त आहे, आणि मक्यातलं नायसिन असं बांधलेलं असतं की बदकाला ते मिळत नाही. निव्वळ कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकडे होतात, चाल फेंगडी होते, आणि अशी मादी पुढे अंड्यावर धड टिकत नाही. त्यावर 'थोडं यीस्ट घाला' हा सल्ला सर्रास दिला जातो. १०० किलोत किलोभर यीस्टनं गरजेचा दहावा भागसुद्धा भागत नाही.

कवचाचं गणित

६८ ग्रॅमच्या अंड्याला साधारण साडेसहा ग्रॅमचं कवच असतं आणि त्यात सुमारे अडीच ग्रॅम कॅल्शियम. वरच्या मिश्रणाच्या १४० ग्रॅममधून मादीला साडेचार ग्रॅम मिळतं, त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक पचतं. म्हणजे हिशेब जेमतेम जमतो. आता प्रेमापोटी कुणी संध्याकाळी मूठभर मका टाकला आणि मादीनं ४० ग्रॅम मक्यावर पोट भरलं, तर मक्यात कॅल्शियम नावालाच असल्यामुळे तिच्या पोटात गेलं सव्वातीन ग्रॅम आणि पचलं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. उरलेलं ती हाडांतून काढते. काही दिवस कवच छान दिसतं, मग खरबरीत होतं, मग बोटानं दाबलं जातं, आणि एके दिवशी बदक पायावर उभं राहत नाही. मका 'जास्तीचा' म्हणून कधीच देऊ नये.

भुकटी आणि खडी दोन्ही का, हेही यातूनच कळेल. भुकटी पोटातून लवकर पुढे सरकते. दोन-चार मिलिमीटरचे तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, थांबतात आणि रात्रभर विरघळत राहतात, आणि कवच तर रात्रीच बनतं. संध्याकाळच्या खाद्यासोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या कुंड्यात ठेवला तर ज्या मादीला हवा ती बरोबर जाऊन खाते. नदीची वाळू हा त्याला पर्याय नाही. वाळू दाणे दळते, कॅल्शियम देत नाही. आणि ड३ जीवनसत्त्व नसेल तर कितीही चुना घाला, तो विष्ठेत जाईल. म्हणून जीवनसत्त्वांचं पाकीट उघडून महिनोन्‌महिने पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं वापरू नका. उन्हाळ्यात त्यातला दम झपाट्यानं जातो.

हेच कॅल्शियम वाढत्या पिल्लांना मात्र विषासारखं. १८ आठवड्यांच्या आत लेयरचं खाद्य दिलं तर मूत्रपिंडं खराब होतात. १८व्या आठवड्यापासून जुन्या खाद्यात नवं पाव भाग, मग निम्मं, मग पाऊण, अशा आठ दिवसांत बदल करा. वाढीच्या काळात, म्हणजे आठव्या ते अठराव्या आठवड्यात, पोटभर खाऊ घालून बदक लठ्ठ करू नका. पोटात चरबी साठलेली मादी लवकर अंड्यावर आली की अंडं अडकणं, अंडनळी बाहेर येणं आणि दोन बलकांची अंडी हे सगळं एकामागोमाग येतं. दर पंधरा दिवसांनी दहा बदकं तोला आणि छातीचं हाड चाचपा. हाड बोटाला लागलं पाहिजे, पण सुरीच्या धारेसारखं नको.

अंडं अडकलेली मादी शेपटी हलवत, जोर करत कोपऱ्यात बसते. तिला कोमट पाण्याच्या टपात वीस-तीस मिनिटं बसवा आणि कॅल्शियमसाठी डॉक्टर गाठा. दाबून अंडं फोडायचा प्रयत्न करू नका, कवचाचे तुकडे आतून फाडतात. कारण कळत नसेल किंवा बदकं मरत असतील तर इंदूरजवळच महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ताजं मेलेलं बदक बर्फात ठेवून तिथं न्यावं, घरी अंदाज बांधत बसू नये.

भिजवणं आणि पाणी

बदक कोरडा भरडा चोचीत घेऊन पाण्याकडे पळतं. पाणी लांब असेल तर घशात लगदा अडकतो. म्हणून खाद्य भिजवून द्या, पण किती? पोहे धुऊन चाळणीत निथळल्यावर जसे मोकळे आणि ओलसर राहतात तितकंच. मूठ वळली पाहिजे आणि बोटानं टोचताच सुटली पाहिजे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि तासाभरात उरलेलं उचला. एप्रिल-मेच्या इंदुरी दुपारी भिजलेलं खाद्य बघता बघता आंबतं.

पाण्याचं भांडं १५ सेंटिमीटर खोल असावं, म्हणजे नाकपुड्या बुडतील. त्या धुतल्या गेल्या नाहीत तर डोळे चिकटतात आणि बदक खाणं सोडतं. पोहायला तळं नसलं तरी अंड्यांचं काही अडत नाही. पण शहराच्या नाल्यात किंवा उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात सोडू नका. तिथल्या कुजक्या पाण्यातून मान लुळी पडण्याचा रोग होतो आणि एका दिवसात अर्धा कळप जातो.

इथल्या ऋतूंत काय बिघडतं

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की बदक धापा टाकतं. धापांमधून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, कवचाला कॅल्शियमइतकाच लागणारा रक्तातला बायकार्बोनेट उतरतो, आणि कवच पुरेसं कॅल्शियम मिळूनही पातळ येतं. वर ते खातंही कमी. पहाटे साडेपाचला आणि सूर्य कलल्यावर खाऊ घाला, चुनखडी १०० किलोमागे अर्धा किलो वाढवा, तेवढाच भरडा कमी करा, आणि २०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून मीठ २०० ग्रॅमवर आणा. पाणी सावलीत ठेवून दुपारी बदला. हे न करता नुसती टॉनिकची बाटली ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

पावसाळा त्याहून वाईट, कारण तेव्हाचा शत्रू दिसत नाही. मक्यात १२-१३ टक्क्यांहून जास्त ओल राहिली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. पाळीव पक्ष्यांत बदक या विषाला सगळ्यांत हळवं. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की मेल्या त्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीनं, आणि बदकांची पिल्लंही त्यात गेली होती. म्हणून शेंगदाण्याची पेंड कितीही स्वस्त असली तरी बदकाला नको. मका घेताना दाणा दातांखाली धरा: 'कट्ट' असा तुटला तर घ्या, दबला तर परत करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मंडीत येणारा नवा मका बहुधा ओलाच असतो, तो चार उन्हं खाऊ दे. हिरवट-काळसर दाणे धुतले किंवा भाजले तरी विष जात नाही. हे विष यकृत खातं, आणि बलकाचा माल यकृतातच तयार होतो. त्यामुळे अंडी आधी लहान होतात, मग थांबतात.

सरकीची पेंड निमाडात मुबलक, गुराढोरांना चालते, म्हणून बदकांनाही घालायचा मोह होतो. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी घटकामुळे साठवलेल्या अंड्यांचे बलक शेवाळी-तपकिरी पडतात. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. कच्चं सोयाबीनही घालू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनंच मरतो. डीओसीवर ती प्रक्रिया झालेली असते.

घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवायची सवय इंदुराला लागली आहेच, त्यामुळे 'तो बदकांनाच घालू' असं सहज सुचतं. भाजीची देठं, पालक, दुधीची सालं खुशाल घाला. शिळे पोहे अगदी थोडे चालतील, वरची शेव मात्र काढून. शेव-नमकीन आणि पंगतीतलं उरलेलं यांत मीठ आणि तेल एवढं असतं की बदकं ढसाढसा पाणी पितात आणि जागा चिखल होते. बुरशीचा पाव तर नकोच.

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती. तिचं कौतुक जरा जास्तच होतं. वाळवलेल्या अझोल्यात वीसेक टक्के प्रथिनं असतात, खरं आहे. पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. १०० ग्रॅम ओल्या अझोल्यातून दीड ग्रॅमच्या आत प्रथिनं मिळतात, आणि मादीची रोजची गरज २४ ग्रॅम. बरसीम, लसूणघास अशी हिरवी वैरण किंवा अझोला बलकाच्या रंगासाठी आणि अ जीवनसत्त्वासाठी द्या, खाद्य वाचवायला नको.

खाद्याला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. बदकं पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत अंडी घालतात. त्याआधी मोकळी सोडलीत तर अंडी शेतात पडतात आणि वहीत 'घट' दिसते. दुसरं, डिसेंबरात इथला दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो आणि अंड्यावरच्या मादीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पहाटे बल्ब लावा, रोज त्याच वेळी.

उबवणीची अंडी

खायची अंडी विकायची असतील तर नर लागतच नाही. तो फुकट खातो. पिल्लं काढायची असतील तर सहा-सात माद्यांमागे एक नर ठेवा. उबवणीचं अंडं गोळा करायच्या तीन-चार आठवडे आधीपासून खाद्यात ई जीवनसत्त्व (किलोला २५ ते ३० युनिट), सेलेनियम, मँगनीज आणि रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) असलेलं ब्रीडरचं, म्हणजे पिल्लं काढायच्या कळपाचं, मिश्रण सुरू करा. लेयरच्या साध्या पाकिटावर अंडी भरपूर मिळतील, पण त्यातलं पिल्लू अर्ध्यावर मरेल. नराला एवढं कॅल्शियम लागत नाही. मिश्र कळपात भुकटी दोन किलोनं कमी करून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या कुंड्यात ठेवला की माद्या तो खातात, नर सहसा फिरकत नाहीत.

अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. उबवण २८ दिवसांची. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा. अंडं नितळ दिसलं तर नराकडे बघा: लठ्ठ आहे का, पाय दुखतो का, ई जीवनसत्त्व मिळतंय का. लाल धागे दिसून नंतर पिल्लू मधल्या आठवड्यात मेलं तर पहिला संशय रायबोफ्लेविनवर. शेवटच्या दिवसांत कवचातच गेलं तर खाद्यासोबत उबवणीच्या यंत्रातली ओलही तपासा. प्रत्येक अंड्यावर घातल्याची तारीख पेन्सिलीनं लिहा आणि वहीत त्या तारखेला कोणती गोणी चालू होती ते टिपा. शाईचं पेन नको, शाई कवचाच्या छिद्रांतून आत जाते.