फोडणी आणि गॅसची आच
शेगडीवरचा स्वयंपाक शिकणाऱ्याने सर्वांत आधी आच ओळखायला शिकावे, आणि त्यासाठी फोडणीइतका चांगला सराव दुसरा नाही. कढई पूर्ण कोरडी असावी, कारण पाण्याचा थेंब राहिला तर तेल अंगावर उडते. मध्यम आचेवर तेल तापवून त्यात मोहरीचे दोन-चार दाणे टाकून पाहावेत; ते लगेच तडतडले तर तेल तयार आहे, तळाशी गप्प बसले तर थांबावे, आणि तेलातून धूर निघू लागला तर गॅस बंद करून ते थोडे निवू द्यावे. नवशिके इथेच हमखास घाई करतात, आणि न तडतडलेली मोहरी मग जेवताना दाताखाली कडू लागते. तडतडणे ओसरू लागले की जिरे, हिंग आणि पुसून कोरडा केलेला कढीपत्ता घालावा. झाकण हाताशी असलेले बरे. हळद मात्र क्षणात करपते, म्हणून ती आच मंद करून शेवटी घालावी आणि लगोलग कांदा किंवा भाजी परतायला टाकावी. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसून भांडी काळी होत असतील, तर गॅस बंद करून बर्नर निवल्यावर त्याची छिद्रे साफ करावीत.