दुबईत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना: अकरावं वचन सोडा, आधी आठवं वाचा

जय ख्रिस्त. तुम्ही उतरलात की आठवड्याभरात तुमच्या मोबाईलवर बायबलमधलं यिर्मया 29:11 येऊन पडेल. मागे सूर्योदय, पुढे वचन: देवाने तुमच्यासाठी चांगल्या योजना ठरवल्या आहेत. मीही शेकडो जणांना पाठवलंय. आता पाठवत नाही.

मी 2008 साली नगरहून आले. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि कंपनीने पगार थांबवला. बेडस्पेसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, भाडंही देता येईना. कोणीतरी एका फ्लॅटवरच्या प्रार्थनेला नेलं. तिथे देशातून आलेले एक ‘संदेष्टे’, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, होते. त्यांनी हेच वचन वाचलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बीज पेर, महिनाअखेर दार उघडेल. लेबर ऑफिसला जाणं म्हणजे अविश्वास.’ आईच्या पाटल्या मोडून मी बीज पेरलं, म्हणजे पैसे अर्पण केले. चार महिने उपवास केले, तक्रार केली नाही. शेवटी लेबर ऑफिसला गेले तेव्हा मालक देश सोडून गेला होता. पगारही बुडाला, पाटल्याही गेल्या.

तो अध्याय मी पूर्ण वाचला तो त्यानंतर. बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं ते पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात सांगितलंय. दहाव्या वचनात परतीची मुदत आहे: 70 वर्षं. आणि आठव्यात? तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका! आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक जण दोन वर्षांत सगळं सुटेल म्हणून सांगत होता. तो खोटा ठरला. माझ्या त्या संदेष्ट्याने तर महिन्याचीच मुदत दिली होती.

म्हणून सांगते: पगार अडला तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी श्रम मंत्रालयाकडे तक्रारही करा. आता ती ॲपवरून होते. भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे विचारा. प्रार्थनेच्या बदल्यात पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका, मग तो कितीही गोड मराठी बोलो.

चर्चचं सोपं आहे. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर उद मेथाला उतरा. कॅथलिकांसाठी सेंट मेरीज, आपल्या प्रोटेस्टंटांसाठी शेजारीच होली ट्रिनिटी, तिथे अनेक भाषांच्या मंडळ्या भरतात. आम्ही आलो तेव्हा आमचा ‘रविवार’ शुक्रवारी असायचा. 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे. पत्रकं वाटू नका, फ्लॅटमध्ये माणसं जमवून उपासना करू नका. इथे धर्मप्रसाराला बंदी आहे, आणि उपासना परवाना असलेल्या आवारातच.

वाईट दिवसांत काय वाचावं? सगळे 23 वं स्तोत्र सांगतील. मी 88 वं सांगते. बाकीच्या रडगाण्यांना बहुतेक वेळा शेवटी स्तुतीचा काठ असतो, याला नाही. ते अंधारातच संपतं. बाबा गेले तेव्हा मला जायला मिळालं नाही. त्या रात्री बाकी काही वाचवेना, हे वाचता आलं. देवाशी असंही बोलता येतं, आणि कोणीतरी ते शास्त्रात राहू दिलंय.

आणि जेवा. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही; भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला घालतो. पहिले सहा महिने उपवास-प्रार्थना नकोच, हे माझं मत. पाळकसाहेबांना पटणार नाही.

आपल्या लोकांबद्दल एक. आपण भेटलो की आधी विचारतो, गाव कोणतं, चर्च कोणतं. मल्याळी लोक दुःखाच्या घरी आधी डबा घेऊन जातात. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्रसुद्धा त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते.

शेवटचं: घरच्या प्रार्थनेत फोनवरून बसा. व्हॉट्सॲप कॉल इथून लागत नाही, बोटिम ॲप घ्या, घरच्यांनाही घ्यायला लावा. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथले साडेसात. आणि आपला आवाज म्यूट करू नका, आईला वाटतं फोन कट झाला.