लॅमिनेशनने घात केला

नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि माझ्या जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, हवं झालं. दाखला होता, पण बाबांनी तो १९९४ साली दादरला हौसेने लॅमिनेट करून घेतलेला. आतलं हस्ताक्षर पिवळं, वर प्लॅस्टिक चकचकीत. अपोस्टिलचा स्टिकर मूळ कागदावर चिकटवतात, त्यामुळे काउंटरवरच्या बाईंनी तो उलटासुलटा करून परत सरकवला. घरी येऊन मी ब्लेडने एक कोपरा सोडवून पाहिला, तर शाईसकट कागदाचा पापुद्रा निघाला. हा उद्योग कुणी करू नका.

शेवटी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून नवी, छापील, इंग्रजी नावासकट प्रत काढली. जुन्या नोंदीत फक्त 'मुलगी' लिहिलं होतं, त्यामुळे आधी नाव चढवावं लागलं. खरा वेळ तिथेच गेला, तीन आठवडे.

पुढचं सोपं: आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. त्याची सरकारी फी ५० रुपये, एजन्सीचे पैसे वेगळे. एका एजंटने वर दूतावासाच्या शिक्क्याचेही पैसे सांगितले होते. पण एकमेकांचं अपोस्टिल मान्य करणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, नेदरलँड्सही आहे. मग दूतावास कशाला? दुबईला जाणाऱ्या नणंदेला मात्र तो शिक्का लागलाच, कारण यूएई त्या करारात नव्हतं.

स्टिकर दाखल्याच्या मागे लागतो. त्यावरचा नंबर मी ऑनलाइन तपासला. बाबा म्हणाले, "आता हा तरी लॅमिनेट करू का?"