राउटरवरचा व्हीपीएन सारखा तुटायचा, त्याचा इलाज

मुलुंडच्या घरी राउटरवरच वायरगार्ड (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर) टाकलंय. वायफाय ठणठणीत, पण चहा टाकून परत यावं तर ऑफिसचा सर्व्हर गप्प. इकडून काही टाइप केलं की पुन्हा सुरू. खरी खूण हीच. लाइन जात नव्हती. मधला नॅट (अनेक उपकरणांना एकाच आयपीवरून बाहेर नेणारी यंत्रणा) बराच वेळ काही न गेलेलं यूडीपी कनेक्शन (वायरगार्ड याच पद्धतीने डेटा पाठवतं) विसरून जात होता. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला, म्हणजे इंटरनेट कंपनीचा सीजीनॅटही (अनेक ग्राहकांना एकच आयपी वाटून देणारा नॅट) मध्ये होताच. कस्टमर केअरची गाडी मात्र ‘राउटर बंद-चालू करा’च्या पुढे सरकेना!

पीअरच्या (समोरच्या टोकाच्या) सेटिंगमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठरावीक वेळाने छोटं पॅकेट पाठवून जोडणी जागी ठेवणं) बंद होतं, तिथे २५ सेकंद टाकले. तुटणं थांबलं.

तरी मोठ्या फाइल अर्ध्यात लटकायच्या. ते दुखणं एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं. आमचं कनेक्शन पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड टाकून इंटरनेट जोडायची पद्धत), ते दर पॅकेटमागे ८ बाइट खातं. १५०० चे उरतात १४९२. वायरगार्डचे ८० वजा केले आणि एमटीयू १४२० वरून १४१२ वर आणला. लगेच फरक. तुमच्याकडे पीपीपीओई नसेल, तर १४२० ला उगाच हात लावू नका.