इचलकरंजीचा इतिहास पायी फिरून कसा समजून घ्यायचा

सकाळी आधी पंचगंगेकाठी जा, कारण कापडाच्या प्रोसेसिंगला, म्हणजे धुण्या-रंगवण्याला, पाणी लागतं आणि प्रदूषणाचा मार ही नदीच सोसते, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. मग मागांची खटखट ऐकू येईल त्या गल्लीत शिरा. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार घोरपड्यांचा पाठिंबा होता. साध्या मागाजवळ परवानगी घेऊन थांबा, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावतो, त्यातली धाग्याची कांडी संपली की कामगार दुसरी भरतो. नंतर एअरजेट माग बघा, धोटाच नाही, हवेच्या झोतानं धागा जातो. शेवटी जुन्या कामगाराला चहा पाजा आणि विचारा, काका, पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मजुरी कशी ठरते?