कनू घेऊन मुक्कामाला निघताना आधी तिथी बघा

गोव्यातल्या मांडवी, झुआरी किंवा शापोरा नदीत कनूने (वल्ह्याच्या छोट्या, अरुंद होडीने) मुक्कामी सहल करायची असेल, तर नकाशाआधी कालनिर्णय उघडा. पाणी कितीही संथ दिसो, भरती-ओहोटीचा ओढ आत कित्येक किलोमीटर जाणवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. रोज ती साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि नदीत वर जावं तशी आणखी उशिरा येते. भरतीबरोबर वर चढा, ओहोटीबरोबर उतरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, म्हणून पहिल्या सहलीला अष्टमीच्या आसपासचे दिवस उत्तम.

मुक्कामी उतरायचं ते भरती पूर्ण असताना. ओहोटीत खारफुटीकाठी गुडघाभर चिखल असतो, सामानासकट त्यात अडकणं फार वाईट. खाजनाच्या (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) मानशीपासून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापासून, लांब राहा, तिथे पाणी जोरात खेचतं. कुंभारजुवें कालव्यात मगरी आहेत. त्या काठावर तंबू नकोच.

जागामालकाला विचारून, भरतीच्या रेषेच्या बरंच वर तंबू ठोका. होडी झाडाला बांधा. खाडीचं पाणी खारट, त्यामुळे माणशी दिवसाला चार-पाच लिटर गोडं पाणी सोबत हवंच.